दुखणं गळ्यातलं नव्हतं

टिलर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
१४ ऑक्टोबर १९७१

प्रिय व्हर्ना,

लिनेटचा शाळेतला फोटो पोचला. स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावलाय. पुढचे नवे दात तोंडाला अजून मोठे होतायत, तरी तोंडभर हसतेय. कपाळ आपल्या वडिलांचं आहे. हनुवटी मात्र सरळ एल्डनची. एल्डन येता-जाता बघतो आणि बूट घालून जेट्टीवर जातो.

उत्तराला उशीर झाला त्याबद्दल रागावू नकोस. हे पत्रसुद्धा मी तुकड्यातुकड्यांनी लिहितेय. दोन ओळी झाल्या की हात जड होतो आणि पुढचा शब्द कुठे ठेवलाय तेच आठवत नाही. स्टोव्हला पाठ लावून, अंगात एल्डनचा लोकरी स्वेटर घालून बसलेय, आणि बाहेर लोक अजून बाह्या वर करून मासे खारवतायत.

पण एक बातमी आहे. खाडीच्या टोकाच्या हॉस्पिटलात नवा डॉक्टर आलाय, डॉक्टर व्हिटल. तरुण आहे, मुख्य भूमीवरचा. एल्डनचा हात कापला म्हणून गेलो होतो, तर त्यानं एल्डनच्या हाताआधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. सुजलेले डोळे, कोरडी कातडी, घोगरा आवाज. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तर पाय उडाला, पण खाली यायचं विसरला. रक्त काढून शहरात पाठवलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती माझी मंदावलीय म्हणे. अंगातली भट्टी तीच पेटती ठेवते.

मी विचारलं, "का मंदावली?" तर म्हणाला, कुणाची आपोआप झिजते, कुणाचं स्वतःचंच रक्त तिच्यावर उलटतं, कुठे आयोडीन कमी पडतं. पण तुम्ही मासे खाणारी माणसं, तुमचं ते नसावं. "कारण काहीही असो, गोळी तीच," म्हणाला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी त्याला आळस म्हणायचे." म्हणू देत. मला इतकं हलकं वाटलंय म्हणून सांगू, व्हर्ना. आठ वर्षं मी स्वतःला जी शिवी देत होते, तिला दुसरं नाव निघालं.

लिनेट माझ्याबद्दल कधी विचारते का?

तुझी,
डल्सी


हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ
२ नोव्हेंबर १९७१

प्रिय डल्सी,

पत्र मिळालं. डॉक्टरनं काहीतरी शोधलं हे बरं झालं. गोळ्या वेळेवर घे, नाहीतर नेहमीसारखं अर्ध्यावर सोडशील. आमच्या चर्चमधल्या मिसेस ओडेट त्याच गोळ्या घेतात. बासष्ट वर्षांची बाई, शिडीवर चढून खिडक्या पुसते. तेव्हा त्या दुखण्याचा फार मोठा बाऊ करू नकोस. अर्धं दुखणं गळ्यात असलं तरी अर्धं मनात असतं. तू लग्नाआधीही सकाळी शेवटी उठणारी होतीस, ते काही थायरॉइड नव्हतं.

लिनेट छान आहे. पियानो शिकतेय. क्लेटन तिला रविवारी बर्फावर स्केटिंगला नेतो. शाळेत वाचनात पहिली आली.

एक विचारायचं होतं. हे असलं काही घराण्यात उतरतं का? तुझ्या डॉक्टरला विचारून कळव. इथल्या डॉक्टरांना आम्ही लिनेटची आई म्हणून माझीच माहिती देतो, त्यामुळे त्यांना विचारणं अवघड आहे.

उन्हाळ्यात यायचं म्हणत होतीस, पण पुढच्या वर्षी वरच्या खोलीचं काम काढायचंय. तेव्हा बघू. बेकअ‍ॅपलचा, त्या दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा, मुरंबा पोचला. लिनेटला बिया आवडत नाहीत, मी आणि क्लेटन खातो.

तुझी बहीण,
व्हर्ना


टिलर्स कोव्ह
१२ डिसेंबर १९७१

प्रिय व्हर्ना,

थोडंच लिहिते. गोळ्यांनी पहिले काही दिवस हातापायांत ऊब आली. भिंत धुतली. सासूबाई बघतच राहिल्या. मग काय झालं कळत नाही. आता उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख येतो. पोटात काही ठरत नाही. फक्त खारवलेलं मांस खावंसं वाटतं, आणि तेही नाही, त्याच्यावरचं नुसतं मीठ. डॉक्टरला निरोप पाठवला, तर त्याचा उलट निरोप आला की गोळी कमी पडत असेल, दुप्पट घ्या.

तर दुप्पट घेतेय. तू म्हणतेस तसं, अर्ध्यावर सोडणार नाही.

लिनेट माझ्याबद्दल विचारते का, ते तू लिहिलं नाहीस.

डल्सी


टिलर्स कोव्ह
२० जानेवारी १९७२

व्हर्ना,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, पण कळवायला हवं. डल्सी वर्षाच्या सुरुवातीला पडली. ताप होता, दोन दिवस ओकत होती. सकाळी मी लाकडं आणायला गेलो, परत आलो तर दिवाणाशेजारी जमिनीवर. अंग मेणासारखं, थंड. नाडी मला सापडली नाही, आईला सापडली. खाडी गोठलेली, बोट नाही. वायरलेसवरून सांगितलं तेव्हा बर्फावर उतरणारं विमान आलं आणि तिला सेंट जॉन्सला नेलं. मला जागा नव्हती.

गोळ्या दुप्पट घेत होती. पुढचं मला माहीत नाही. जिवंत आहे म्हणून तार आली.

तुला सगळं कळवायचं ठरलं होतं म्हणून कळवलं.

एल्डन


हॅमिल्टन
१ फेब्रुवारी १९७२

प्रिय डल्सी,

हे पत्र हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतेय. एल्डनचं पत्र आलं. त्यानं सरळ लिहिलेलं नाही, पण दुप्पट गोळ्या घेतल्यास हे लिहिलंय. मी दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले.

का, ते मी विचारणार नाही. तुझं दुःख मला दिसतं. पण डल्सी, असं करून काय मिळणार होतं? उद्या लिनेट मोठी झाली आणि तिला कळलं की तुझं असं झालं, तर तिच्यावर त्याचं ओझं येईल, माझ्यावर नाही, एल्डनवर नाही. एवढा विचार तुला सुचला नाही? आठ वर्षांपूर्वीही तू स्वतःच्या दुःखात इतकी बुडाली होतीस की कडेवरचं मूल दिसत नव्हतं. तेव्हा मी निभावलं. प्रत्येक वेळी मीच निभावायचं का?

बरी हो. पाद्रीबाबांशी बोल. मनातलं त्यांना सांग.

व्हर्ना


सेंट जॉन्स
१७ फेब्रुवारी १९७२

व्हर्ना,

तुझं पत्र नर्सनं उशाशी ठेवलं होतं. बरं झालं मला ते गेल्या आठवड्यात वाचता आलं नाही. गेल्या आठवड्यात मी रडले असते. आता माझ्या अंगात राग येण्याइतकी ताकद आली आहे.

मी जीव द्यायला गोळ्या घेतल्या नव्हत्या. डॉक्टरनं सांगितल्या म्हणून घेतल्या. तुलाही ते लिहिलं होतं, तू वाचलं नाहीस. आता नीट बसून वाच.

इथे एक म्हातारे डॉक्टर आहेत, फरलाँग म्हणून. जाड भिंगांचा चष्मा, कोटाला तंबाखूचा वास. मी शुद्धीवर आले तर ते खाटेच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "बाई, तुम्हाला किती मुलं?"

मी म्हटलं, "एक झालं."

"मग पुढे पाळी आली?"

"नाही. कधीच नाही."

"मूल झालं तेव्हा रक्त फार गेलं होतं का?"

मी म्हटलं, "गादी फेकून द्यावी लागली. खाडीत बर्फ होतं, सुईण एकटीच होती."

मग ते म्हणाले, "आणि दूध?"

व्हर्ना, आठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. बोलून मात्र सगळ्यांनी दाखवलं होतं. मी म्हटलं, "दूध आलं नाही. एक थेंबही नाही." त्यांनी नुसती मान हलवली, जणू मी पोस्टाचा पत्ता बरोबर सांगितला.

त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. गळ्यातली थायरॉइड तिच्या हुकमावर चालते. दूध तिच्या हुकमानं येतं. पाळी तिच्याच हुकमानं. अंगावर संकट आलं की पोटातल्या दोन ग्रंथी जो रस सोडतात, तोही तिच्याच हुकमानं. बाळंतपणात फार रक्त गेलं तर त्या वाटाण्याला रक्त पुरत नाही आणि तो मरतो. माझा त्या दिवशी मेला. माझी थायरॉइड धडधाकट आहे, व्हर्ना. तिला काम कर म्हणून सांगणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

आणि गोळ्यांनी मी का पडले? तर नुसती थायरॉइडची गोळी दिली की शरीर धावायला लागतं, आणि धावणाऱ्या शरीराला तो दुसरा रस जास्त लागतो. माझ्यात तो नावालाच होता, जेमतेम तग धरण्यापुरता. म्हणून मीठ खावंसं वाटत होतं. आधी त्या रसाच्या जागी कॉर्टिसोन द्यायचं, मग थायरॉइड, असा क्रम हवा होता. आता दोन्ही देतायत. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. ताप आला तर कॉर्टिसोन वाढवायचं, कधीही चुकवायचं नाही. डॉक्टर व्हिटलना मी दोष देत नाही. निदान ते माझ्या तोंडाकडे बघून थांबले तरी. तुम्ही सगळे रोज बघत होतात.

काल मी जिना चढून वर गेले आणि उतरून खाली आले. परत चढले. नर्स ओरडली. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की माणसांना असं वाटत असतं. मी विसरले होते.

तुला आठवतं, लिनेट झाल्यावर तू एप्रिलमध्ये पहिल्या बोटीनं आली होतीस. लिनेटला माझ्या छातीशी धरलंस, ती रडत राहिली, आणि तू सासूबाईंकडे बघून म्हणालीस, "हिला मूल नकोच आहे, शरीरसुद्धा तेच सांगतंय." मी दिवाणावर होते. ऐकू येत होतं. मला ते खरं वाटलं. आठ वर्षं मी तेच खरं धरून जगले.

जुलैमध्ये मी हॅमिल्टनला येतेय. वरच्या खोलीचं काम झालेलं असो वा नसो. लिनेटला तिच्या आईची तब्येत सुधारलीय म्हणून सांग.

डल्सी


हॅमिल्टन
८ मार्च १९७२

प्रिय डल्सी,

गोळ्यांबद्दल माझा गैरसमज झाला. मी शब्द मागे घेते.

बाकीचं मी क्लेटनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, यात कुणाची चूक नाही. मलाही तेच वाटतं. तुला आजार होता, मला कसं कळणार? सुईणीला कळलं नाही, डॉक्टरला कळलं नाही, मी तर कापडगिरणीत काम करणारी बाई. मला समोर दिसत होतं ते एवढंच, की एक सात-आठ महिन्यांचं पोर ओल्या लंगोटात पडलंय आणि त्याची आई भिंतीकडे तोंड करून. एल्डन समुद्रावर. म्हातारी म्हणे, मला होत नाही. मी न्यायला नको होतं का? मग आज कुणाच्या फोटोकडे बघत बसली असतीस?

आणि तू नको म्हणाली नाहीस. त्या ऑक्टोबरात मी आणि क्लेटन पुन्हा आलो आणि तिला घेऊन बोटीकडे निघालो तेव्हा मी दारात मुद्दाम थांबले होते. म्हटलं, आता तरी उठेल. आता तरी म्हणेल, दे इकडे. तू मानसुद्धा उचलली नाहीस. ते मी विसरलेले नाही. तू मला दिवाणाबद्दल सांगतेस, तर मीही सांगते.

आता खरं काय ते लिहिते, कारण तू येण्याआधी ते लिहायलाच हवं. लिनेटला काही माहीत नाही. तिला मीच तिची आई आहे असं वाटतं. इथे सगळ्यांना तेच वाटतं. तिनं पहिल्यांदा "आई" म्हटलं ते मला. गोवराच्या तापात ती माझ्या अंगावर झोपली. तू आहेस हे तिला माहीत आहे, न्यूफाउंडलंडची डल्सी मावशी, मुरंबा पाठवणारी. विचारते का, म्हणतेस. नाही विचारत. कशाला विचारेल?

तू येऊ नयेस असं मला वाटतं. बरी झालीस, आता सुखात राहा.

घराण्यात उतरतं का, ते तू अजून कळवलं नाहीस. मला त्याची खरंच काळजी आहे.

व्हर्ना


टिलर्स कोव्ह
२ मे १९७२

व्हर्ना,

बर्फ फुटलं, पहिल्या बोटीनं घरी पोचले, म्हणून आता उत्तर.

आधी तुझी काळजी. डॉक्टर फरलाँगना विचारलं. थायरॉइडचे काही आजार घराण्यात उतरतात, हा नाही उतरत. लिनेटच्या रक्तात यातलं काहीही नाही. तिला जगात आणताना मला हे झालं. ते माझ्याजवळच राहील, तिच्यापर्यंत पोचणार नाही. तेवढी निश्चिंत राहा.

आता तुझ्या दारात थांबण्याबद्दल. मी जागी होते. तुझ्या बुटांचा आवाज थांबला तो मला कळला. कशासाठी थांबलीयस तेही कळलं. मी उठायचं ठरवलं. ठरवून हात उशीवर टेकवला, आणि तो हात माझा नव्हता. तुला कसं सांगू? आपण लहान असताना बर्फाखाली अडकलेली होडी ओढायचो, तशी मी स्वतःला ओढत होते. आधी मान उचलायची, मग खांदा, मग पाय खाली. मी खांद्यापर्यंत पोचले तेव्हा दार लागलं होतं.

तू थांबलीस हे खरं आहे. थोडी कमीच थांबलीस.

एल्डनशी मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या ताटासमोर उभी राहून विचारलं, "तू का दिलीस तिला?" तो म्हणाला, "तू मरशील असं वाटत होतं. मूल त्याआधी तिच्या घरी जाऊ दे म्हटलं." मी म्हटलं, "मग मी मेले नाही, तेव्हा परत का नाही मागितलीस?" त्यानं ताट सरकवलं आणि मासे साफ करायला गेला. मी त्याच्यामागून गेले नाही. त्याला तरी मी काय म्हणू? डॉक्टर म्हणतात पुन्हा मूल होणार नाही. तेही त्याला त्याच दिवशी सांगितलं.

मी तिला हिसकावून न्यायला येत नाही. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे होडी नव्हे. मावशी म्हणूनच येईन. मावशी म्हणूनच बोलेन. पण मी घरात असताना तू तिला सांगायचं. तुझ्या तोंडानं, तुला हवं तसं. मी मध्ये बोलणार नाही.

डल्सी


हॅमिल्टन
६ जून १९७२

डल्सी,

ये. मावशी म्हणून ये. योग्य वेळ दिसली तर मी सांगेन. तू काही बोलणार नाहीस हे तू लिहून दिलंयस, मी ते धरून चालले आहे. क्लेटन स्टेशनवर येईल.

व्हर्ना


हॅमिल्टन
२० ऑगस्ट १९७२

प्रिय डल्सी,

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तू गेल्यापासून तुला लिहायचं म्हणतेय आणि घरातली कामं काढत बसतेय.

तू शब्द पाळलास. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, हे तुला ऐकायला आवडणार नाही. तुला पाहून मी दचकले होते. गालांना रंग, पाठ ताठ. क्लेटन म्हणाला, "ही ती दिवाणावरची बहीण?" लिनेट अजून सांगते की डल्सी मावशी दोरीवरच्या उड्या मारते.

स्वयंपाकघरात जे झालं ते झालं. माझ्या तोंडून एक शब्द गेला. मी तो ठरवून काढला नव्हता. त्यावर आता काही लिहू नकोस.

फक्त एक अडचण आहे. लिनेट रोज झोपताना प्रार्थनेत तुझ्या बाळाला घेते. आणि बाळाचं नाव काय होतं म्हणून माझ्या मागे लागलीय. मी म्हटलं मला आठवत नाही. ती म्हणते, मग मावशीलाच विचार. तिची समजूत पटेल असं एखादं नाव कळव, म्हणजे विषय संपेल.

व्हर्ना


टिलर्स कोव्ह
१० सप्टेंबर १९७२

व्हर्ना,

त्यावर काही लिहू नकोस म्हणतेस. तू एका शब्दाचा उल्लेख केलास, तो शब्दही लिहिला नाहीस. मी लिहिते.

मी वाटाणे सोलत होते. तू मोरीपाशी होतीस, पाठमोरी. लिनेट टेबलाखाली पाय हलवत माझ्या वाटीतले वाटाणे खात होती. ती म्हणाली, "डल्सी मावशी, तुला बाळ नाही?"

मी म्हटलं, "होतं."

"मग कुठे गेलं?"

मी म्हटलं, "मी फार आजारी पडले, बाळा."

आणि मी थांबले. तुझ्यासाठी थांबले, व्हर्ना. याच्याहून चांगलं दार तुला कुणी उघडून दिलं नसतं. तू नुसतं वळायचं होतंस. तुझा नळ चालू होता, पण हात हलत नव्हते, मी पाहिलं.

लिनेटनं विचारलं, "मेलं का ते?"

तू म्हणालीस, "हो."

मग तिनं काय केलं ते तू पाहिलं नाहीस, तू पाठमोरी होतीस. ती खुर्चीवरून उतरली, माझ्या बाजूला आली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाईट झालं, मावशी." माझी मुलगी माझ्यापाशी स्वतःसाठी दुखवट्याला आली होती, आणि मी तिला म्हटलं, "हो गं." मी शब्द दिला होता ना.

त्या उरलेल्या दोन दिवसांत मी दोरीवर उड्या मारल्या. ताकद पुष्कळ होती. सगळी तिथे वापरली.

आता नाव मागतेस. मेलेल्या बाळासाठी मी नाव शोधणार नाही. तिनं मला प्रश्न विचारलाय, तर उत्तर तिलाच देते. सोबतचा कागद लिनेटसाठी आहे. बंद केलेला नाही. तू वाच. त्यात तू तिची आई नाहीस असं कुठेही नाही, मी शब्द अजून मोडलेला नाही. हवं तर तिला दे, हवं तर चुलीत घाल. पण चुलीत घातलंस तर मला तसं लिहून कळव. तुझ्या हातानं.

डल्सी

*

प्रिय लिनेट,

तू माझ्या बाळाचं नाव विचारलंस असं आईनं कळवलं. तू त्याच्यासाठी प्रार्थना करतेस याचं मला फार बरं वाटलं.

पण एक चूक झाली आहे. त्या दिवशी घाईत बोलणं झालं. माझं बाळ मेलेलं नाही. ती मुलगी आहे आणि आता तुझ्याएवढीच आहे. मी इतकी आजारी होते की तिला उचलून घेता येत नव्हतं, म्हणून ज्यांना तिची काळजी होती ते तिला घेऊन गेले. त्यांनी तिला छान वाढवलंय. ती तापात असली की कुणीतरी तिला जवळ घेऊन झोपतं, हे मला माहीत आहे.

मला कसला आजार होता हे तेव्हा कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. आता कळलंय, आणि रोज सकाळी गोळ्या घेतल्या की मी चांगली असते. ते तू पाहिलंसच.

नाव मी आत्ता लिहीत नाही. ते सांगायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

तुझी,
डल्सी मावशी


हॅमिल्टन
१५ ऑक्टोबर १९७२

डल्सी,

तुझा कागद पंधरा दिवस माझ्या एप्रनच्या खिशात होता. दोनदा स्टोव्हचं झाकण उघडलं. शेवटी दिला. तिनं माझ्यासमोर मोठ्यानं वाचला. मी तिथेच सांगणार होते. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "बघ आई, मेली नाही ती," आणि इतकी खूश झाली की माझ्या गळ्यात पडली. माझ्याच्यानं सांगवलं नाही. पुढेही होईलसं वाटत नाही. तुला मला जे म्हणायचं ते म्हण.

तिनं उत्तर लिहिलंय. मी वाचलं, त्यातलं काही खोडलं नाही. तसंच पाठवतेय. यानंतर काही दिवस आपण एकमेकींना न लिहिलेलं बरं.

व्हर्ना

*

प्रिय डल्सी मावशी,

तुझं बाळ मेलं नाही म्हणून मला आनंद झाला. मी प्रार्थनेतून त्याला काढलं नाही, फक्त आता दुसरी प्रार्थना म्हणते. आई रडली. मी विचारलं का, तर म्हणाली कांदा. पण कांदा नव्हता.

मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं, तिचं नाव रोझलिन. ती म्हणते, आपलं बाळ देऊन टाकतात त्या चांगल्या आया नसतात. मी तिला म्हटलं की मावशी आजारी होती. ती म्हणाली, आजारी असलं म्हणून काय झालं, माझी आईपण आजारी पडते. मग आमचं भांडण झालं. अजून ती माझ्याशी बोलत नाही.

मावशी, त्या मुलीला माहीत आहे का की तू आजारी होतीस? का तिला वाटतं की ती तुला नको होती? मला वाटतं तिला राग येत असेल. मला कुणी असं दिलं असतं तर मला खूप राग आला असता, आणि मी कधीच बोलले नसते. पण आजाराचं कळलं असतं तर कदाचित बोलले असते. म्हणून तू तिला सांग. लवकर सांग, कारण ती मोठी झाली की ऐकणार नाही.

मी स्केटिंगमध्ये उलटं जायला शिकले. पुढच्या उन्हाळ्यात ये. आई म्हणते बघू.

तुझी भाची,
लिनेट